एकच कथा, वेगवेगळ्या प्रतिक्रिया: बीडीएसएमवरच्या कामुक कथा वाचून मनात आणि शरीरात काय होते?

लैंगिक विषयावरचा प्रश्न पेशंट सहसा सुरुवातीला विचारत नाही. आधी ॲसिडिटी सांगतो, मग झोप लागत नाही म्हणतो. प्रिस्क्रिप्शन हातात पडले आणि दाराशी पोहोचला, की म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वस्तीत एका वन-बीएचकेमध्ये चार-पाच माणसे राहतात आणि स्वतःचा असा कोपरा कोणाकडेच नसतो. त्यामुळे अनेकांचे खासगी वाचन मोबाईलवर, बहुतेकदा लोकलच्या प्रवासात होते. त्या वाचनात हल्ली बांधणे, हुकूम गाजवणे, वेदना देणे-सोसणे यांवरच्या कामुक कथाही असतात.

त्या वाचून कोणी घाबरून विचारतो, "मला हे आवडलं, मी विकृत आहे का?" एखादी स्त्री सांगते, "मैत्रिणींना मजा वाटते, मला मात्र वाचून घाम फुटला." कोणी म्हणतो, "मला काहीच वाटलं नाही, माझ्यात काही कमी आहे का?" कधी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनमध्ये अशी कथा सापडते आणि घरात अबोला सुरू होतो. या प्रश्नांची उत्तरे या लेखात एकत्र दिली आहेत.

बीडीएसएम म्हणजे नेमके काय?

इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाले आहे. त्यात बांधणे, शिस्त लावणे, एकाने हुकूम गाजवणे व दुसऱ्याने तो मानणे, आणि वेदना देण्या-घेण्यातून कामसुख मिळणे या गोष्टी येतात. प्रत्यक्षात हे करणारी प्रौढ जोडपी काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी ठरवतात आणि थांबण्याचा एक शब्दही ठरवून घेतात. ही संमती नसेल, तर ती मारहाण किंवा लैंगिक अत्याचार ठरतो.

या विषयाचा कथांशी संबंध जुना आहे. 'सॅडिझम' हा शब्द फ्रेंच लेखक मार्की द साद यांच्या नावावरून आणि 'मॅसोकिझम' हा ऑस्ट्रियन लेखक झाखर-मासोख यांच्या नावावरून आला. म्हणजे वैद्यकशास्त्राने ही दोन्ही नावे कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांकडून घेतली.

वेगवेगळी प्रतिक्रिया ही नेहमीची गोष्ट आहे

अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांच्या गटाने हजारो स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या होत्या. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथानुसार, वेदना देण्या-घेण्याच्या कथांनी काही ना काही कामोत्तेजना झाल्याचे सुमारे १२ टक्के स्त्रियांनी आणि २२ टक्के पुरुषांनी सांगितले. ही माणसे साऱ्या समाजाचे अचूक प्रतिनिधित्व करणारी नव्हती. तरीही दोन गोष्टी दिसतात. अशी प्रतिक्रिया देणारे अगदी मोजके नव्हते, आणि काहीच न वाटणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त होते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील एका पाहणीत सुमारे ४७ टक्के प्रौढांनी या प्रकारातली एखादी तरी कृती कधीतरी केल्याचे सांगितले. आणखी २२ टक्के लोकांनी अशा कल्पना मनात आल्याचे मान्य केले. हे आकडे परदेशातले आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण 'जगात असा मी एकटाच' ही भीती त्यांनी नक्कीच कमी व्हावी.

एकाला आवडते, दुसऱ्याला मळमळते. असे का?

१. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. कामोत्तेजनेबाबत संशोधकांनी मांडलेली एक कल्पना सोपी आहे. मेंदूत एक यंत्रणा उत्तेजना वाढवते, तर दुसरी ती रोखते. प्रत्येकाचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक वेगळा असतो. हुकूम किंवा बंधन यांचे वर्णन एकाच्या मेंदूला खेळ वाटते, दुसऱ्याच्या मेंदूला धोका वाटतो. थकवा, नैराश्य, घरातला ताण, कोणी बघेल ही भीती यांनीही ब्रेक लागतो. म्हणूनच तीच व्यक्ती तीच कथा दोन वेगळ्या दिवशी वेगळ्या मनाने वाचते.

२. शरीर आणि मन नेहमी एकमताने चालत नाहीत. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आले म्हणजे दुःख झाले असे नाही. लैंगिक अवयवांची प्रतिक्रियाही काही वेळा अशीच आपोआप होते. शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिक्रिया आणि 'मला उत्तेजित वाटते' हे स्वतःचे सांगणे यांचा मेळ पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आणि स्त्रियांमध्ये बराच कमी आढळला. त्यामुळे एखादा प्रसंग वाचताना किळस आणि शारीरिक प्रतिक्रिया दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात. अशी प्रतिक्रिया म्हणजे आवड नव्हे आणि संमती तर मुळीच नव्हे. ज्यांच्यावर अत्याचार झाला आणि त्या वेळी शरीराने प्रतिक्रिया दिली म्हणून जे आजही स्वतःला दोष देतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

३. मागचे अनुभव. लहानपणी किंवा लग्नात मार, जबरदस्ती सोसलेल्या व्यक्तीला बांधून ठेवण्याचे वर्णन जुनी आठवण जागी करू शकते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तो प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटते. याला भित्रेपणा समजू नका.

४. कथेत ताबा वाचकाकडे असतो. पान बंद केले की प्रसंग संपतो. घरी-दारी दिवसभर जबाबदारी पेलणाऱ्या काहींना 'निर्णय दुसऱ्याने घ्यावा' ही कल्पना सुखावते, कारण ती कल्पना केव्हाही थांबवता येते. प्रत्यक्ष आयुष्यात त्यांना कोणी हुकूम केलेला चालेलच असे नाही.

वाचकांची मते किती वेगळी असू शकतात याचे उदाहरण मराठीतच आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती बीडीएसएमची कथा नव्हती, पण तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. शब्द तेच, वाचणारेही कायद्यात मुरलेले, तरी निष्कर्ष वेगळे. मग एका घरातल्या दोन माणसांचे एकमत झाले नाही तर नवल नाही.

हा आजार आहे का?

कथा आवडणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परस्पर संमतीने होणारे असे वर्तन त्यात आजार म्हणून ठेवलेले नाही. संमती नसलेल्या व्यक्तीला यातना देण्याकडे असलेला तीव्र, टिकून राहणारा ओढा मात्र विकार मानला आहे. त्यानुसार कृती केली असेल किंवा त्या ओढ्याचा स्वतःला मोठा त्रास होत असेल, तर तपासणी हवीच.

कामुक वाचनाचे 'व्यसन' हा शब्दही जपून वापरावा. थांबवण्याचा प्रयत्न वारंवार फसतो, झोप, नोकरी, नाती बिघडतात, आणि हे साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त चालते, तेव्हा डॉक्टर लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराचा विचार करतात. 'हे वाचणे पाप आहे' या केवळ अपराधी भावनेमुळे होणारा त्रास त्या निदानाला पुरेसा धरला जात नाही.

अशा कथा वाचल्याने माणूस हिंसक होतो का, असेही विचारले जाते. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही गाजलेली कादंबरी आल्यानंतर अमेरिकेत ६५० हून अधिक तरुणींची पाहणी झाली. ती वाचलेल्या तरुणींमध्ये अपमान करणारा जोडीदार मिळाल्याचे प्रमाण जास्त आढळले. पण सगळी माहिती एकाच वेळी घेतलेली असल्यामुळे वाचन आधी की वाईट नाते आधी, हे त्यातून ठरत नाही. त्याच कादंबरीतला नायक नायिकेवर पाळत ठेवतो, तिला माणसांपासून तोडतो, असा आक्षेपही संशोधकांनी घेतला. तो मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. संशय आणि पाळत यांना प्रेम म्हणू नये.

वाचले म्हणजे मागितले नाही

या विषयात सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच आहे. बायकोच्या फोनमध्ये कथा दिसली आणि नवऱ्याने 'तुला हेच आवडतं ना' म्हणत जबरदस्ती केली, तर दोष पूर्णपणे त्याचा आहे. खुनाची रहस्यकथा वाचणाऱ्याला कोणी सुरी आणून देत नाही. तसेच इथेही समजावे.

- जोडीदाराचा फोन चोरून तपासू नका. नजरेस पडलेच असेल, तर शांत वेळी विचारा: "तुला यात काय आवडतं? की नुसतंच वाचतोस?"
- "मला हे नको" एवढे उत्तर पुरेसे आहे. कारण देण्याची सक्ती नको.
- एकदा दिलेला होकार कायमचा नसतो. मध्येच थांबवण्याचा हक्क दोघांनाही आहे.
- दारूच्या नशेत किंवा भीतीपोटी दिलेला होकार धरू नका.

जबरदस्ती होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. महिला हेल्पलाइन १८१ वर मदत मागता येते.

कथेतली माणसे जखमी होत नाहीत, आपण होतो

कथांमध्ये गळा दाबण्याचे वर्णन सर्रास येते. वैद्यकीयदृष्ट्या याची कोणतीही सुरक्षित पद्धत नाही, संमती असली तरीही नाही. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटले, तर काही तासांनी किंवा दिवसांनीही लकवा होऊ शकतो. बाहेर वळ दिसला नाही म्हणजे धोका टळला असे नाही.

गळ्यावर दाब आल्यानंतर आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास घ्यायला त्रास, मान किंवा डोके खूप दुखणे, डोळ्यांत रक्त उतरणे, बोबडी वळणे, हातापायात अशक्तपणा, किंवा क्षणभरही शुद्ध गेली असेल, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. १०८ वर ॲम्ब्युलन्स मागवा. घट्ट बांधल्याने मनगटाची नस दबून हात लुळा पडू शकतो. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर बंधन लगेच सोडा. काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगा. 'जिन्यावरून पडलो' असे सांगितले तर तपासण्याही पडल्याच्याच होतात.

वाचून त्रास झाला तर

वाचन तिथेच थांबवा, कथा पूर्ण करण्याचे बंधन नाही. पाय जमिनीवर टेकवा, आसपासच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या, श्वास हळूहळू आणि लांब सोडा. विश्वासाच्या माणसाजवळ बसा. त्रास काही आठवडे टिकला, वाईट स्वप्ने पडू लागली, किंवा 'माझ्या हातून असे काही होईल' असा नकोसा विचार सतत घाबरवू लागला, तर उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

मुलांच्या फोनवर असे काही सापडले तर मारू नका, फोन आपटू नका. कोणी पाठवले, वाचून काय वाटले, हे आधी विचारा. कथेतले नाते खऱ्या नात्यासारखे नसते आणि 'नाही' म्हणजे नाहीच, हे साध्या शब्दांत सांगा. एखादी मोठी व्यक्ती मुलाला असे साहित्य पाठवत असेल तर तो गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- वाचनानंतर भीती, अपराधीपणा किंवा उदासी सतत राहत असेल
- झोप, काम किंवा संसार बिघडत असेल
- संमती नसलेल्या व्यक्तीला किंवा लहान मुलांना इजा करण्याचे विचार येत असतील
- जोडीदार जबरदस्ती करत असेल
- जीव नकोसा वाटत असेल (यात एक दिवसही थांबू नका)

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा. गरज असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. तुमचे बोलणे गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. १८ वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचार कळवणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र मोफत बोलता येते. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग' जाहिरातींवर पैसे घालवू नका.

कथा वाचून काय वाटावे हे आपल्या हातात नसते. पण आवडले तर ते कोणावर लादायचे नाही आणि न आवडले तर 'नाही' म्हणायचे, हे दोन्ही आपल्याच हातात आहे. आणि दाराशी जाऊन विचारायचा प्रश्न असेल, तर पुढच्या वेळी खुर्चीत बसल्याबसल्याच विचारा. म्हणजे उत्तर द्यायला डॉक्टरलाही पुरेसा वेळ मिळतो.