फ्रँकोकालीन स्पेनमधील कॅथोलिक कामगार स्त्रिया : वर्ग आणि लिंगभाव

प्रस्तावना : यादवी युद्धानंतर (१९३६–३९) स्पेनमध्ये जनरल फ्रँको यांची हुकूमशाही १९७५ पर्यंत टिकली. या राजवटीला चर्चचे पाठबळ होते. तरीही तिला विरोध करणारे अनेक कामगार कार्यकर्ते चर्चच्याच संघटनांतून घडले. या विसंगतीचा कामगार स्त्रियांच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायदा आणि स्त्रीश्रम : १९३८ च्या श्रमसनदेने विवाहित स्त्रीला कारखान्यापासून 'मुक्त' करण्याचे जाहीर केले. अनेक उद्योगांत विवाह होताच स्त्रीला नोकरी सोडावी लागे व मोबदल्यादाखल एकरकमी रक्कम मिळे. या रकमेला 'हुंडा' असेच म्हटले जाई. फरक इतकाच, की तो मालक देत असे. विवाहितेच्या नोकरीसाठी पतीची संमती लागे. ही अट १९७५ मध्ये रद्द झाली. तथापि, गरीब घरातील स्त्रीचे काम थांबले नाही. ते घरकाम, शिवणकाम अशा नोंद नसलेल्या, अल्प वेतनाच्या कामांकडे वळले. आदर्श मध्यमवर्गीय गृहिणीचा होता. त्याची किंमत कामगार स्त्रीने मोजली.

संघटनेतील घडण : स्वतंत्र कामगार संघटनांवर बंदी असताना १९४६ मध्ये 'होआक' ही कॅथोलिक कामगार संघटना व तिची स्त्रीशाखा सुरू झाली, तरुणांसाठी 'जॉक' होती. १९५३ च्या व्हॅटिकन करारामुळे अशा धार्मिक संस्थांना कायदेशीर संरक्षण मिळाले. बेल्जियन धर्मगुरू जोझेफ कार्डाइन यांच्या 'पाहा, पारखा, कृती करा' या पद्धतीने सभासद स्वतःच्या वेतनाची, कामाच्या तासांची व घरभाड्याची चिकित्सा करीत. अल्पशिक्षित स्त्रियांना सभा चालविण्याचा, अहवाल लिहिण्याचा अनुभव येथेच मिळाला. १९६२ च्या आस्तुरियास येथील खाणकामगारांच्या संपास होआक व जॉक यांनी जाहीर पाठिंबा दिला.

मर्यादा : स्वतंत्र स्त्रीशाखेमुळे स्त्रियांना नेतृत्व मिळाले, परंतु वर्गाचा प्रश्न आधी व स्त्रीचा नंतर, हा क्रम दीर्घकाळ कायम राहिला. १९६६–६८ मध्ये बिशपांशी झालेल्या संघर्षानंतर अनेक सभासद कामगार संघटना व वस्ती-संघटनांकडे वळले.

निष्कर्ष : डाव्या इतिहासाला या स्त्रियांची श्रद्धा अडचणीची वाटली, तर चर्चच्या इतिहासाला त्यांचा वर्गसंघर्ष. वर्ग, लिंगभाव व धर्म यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय त्यांचे कार्य समजत नाही. सत्तेने मान्य केलेल्या चौकटीतही सत्तेला प्रश्न विचारणारी माणसे घडू शकतात, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.