माइक मॅन्सफिल्ड यांचं राहून गेलेलं भाषण

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकी सिनेटमधले बहुमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते माइक मॅन्सफिल्ड त्या दुपारी एक भाषण करणार होते. आपण नेतेपद कसं चालवतो आणि तसंच का चालवतो, याचा खुलासा त्यात होता. डलासहून राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी आली आणि भाषण राहून गेलं. पाच दिवसांनी त्यांनी ते कामकाजाच्या छापील नोंदींत समाविष्ट करून विषय मिटवला.

या भाषणाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. सिनेटमधल्या नेतेपदाचा विषय निघाला की सगळे मॅन्सफिल्डच्या आधीचे नेते लिंडन जॉन्सन यांच्याकडे वळतात. समोरच्याच्या अंगावर झुकून बोलणं, समित्यांवरच्या नेमणुकांचा हिशेब, रात्रभर चालवलेल्या बैठका हे सारं वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्याच हाताखाली प्रतोद राहिलेला आणि १९६१ मध्ये त्यांच्या जागी आलेला मितभाषी माणूस मात्र तळटिपेत जातो. त्या पदावर सलग सोळा वर्षं राहण्याचा विक्रम याच माणसाच्या नावावर आहे.

मॅन्सफिल्ड यांचं पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १९०३ चा, न्यूयॉर्कमधल्या आयरिश स्थलांतरित कुटुंबातला. आई लहानपणीच गेली, तेव्हा त्यांना मोंटाना राज्यातल्या नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. पंधरा वर्षंही पुरी नसताना वय खोटं सांगून नौदलात भरती, मग लष्कर, मग मरीन दल. त्यानंतर ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत सुरुंगाने फोडलेला दगड फावड्याने भरण्याचं काम. आठवीही पूर्ण न केलेल्या या खाणकामगाराला मॉरीन हेज या शिक्षिकेने शिकायला लावलं. दोघांचं लग्न झालं. मॉरीन यांनी नोकरी सोडली, विम्याचे पैसे मोडले आणि नवऱ्याचं शिक्षण पुरं केलं. मॅन्सफिल्ड इतिहासाचे प्राध्यापक झाले, १९४२ मध्ये प्रतिनिधिगृहावर आणि दहा वर्षांनी सिनेटवर निवडून आले.

आता त्या भाषणामागच्या भांडणाकडे येतो. १९६३ च्या शरद ऋतूत केनेडींची करकपात आणि नागरी हक्क ही दोन्ही विधेयकं अडकून पडली होती. ६ नोव्हेंबरला कनेक्टिकटचे थॉमस डॉड, म्हणजे मॅन्सफिल्ड यांच्याच पक्षाचे सदस्य, सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी नेत्याच्या ढिलेपणावर टीका केली. जॉन्सन कसे वाद्यवृंदाच्या संचालकासारखे सभागृह चालवत आणि मॅन्सफिल्ड सज्जन असले तरी कसे कमी पडतात, असा त्यांचा सूर होता.

राहून गेलेलं भाषण हे या टीकेचं उत्तर होतं. मॅन्सफिल्ड म्हणतात, मी सर्कशीतला रिंगमास्टर नाही, नाइटक्लबमधला निवेदक नाही, सिंहांना माणसाळवणारा नाही आणि सौदे जुळवणाराही नाही. नेत्यासारखं दिसावं म्हणून मी दुसऱ्याची कातडी पांघरणार नाही. मग ते मूळ मुद्द्यावर येतात: सभागृहातला प्रत्येक सदस्य समान आहे, नेत्याकडे फारशी सत्ता नाही, म्हणून सिनेटच्या यशापयशाची जबाबदारी साऱ्या सदस्यांची आहे. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर आमदारकी-खासदारकी धोक्यात येते. सिनेटमधल्या नेत्याच्या हाती असं शस्त्र नसतं. जॉन्सननी ती उणीव धाकाने आणि सौदेबाजीने भरून काढली. मॅन्सफिल्डना ती उणीव वाटलीच नाही. १९९८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, जुन्या सिनेट सभागृहात व्याख्यान देण्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी हेच भाषण वाचून दाखवलं. पस्तीस वर्षांत त्यांचं मत बदललं नव्हतं.

ही भूमिका कामाची होती का, याची परीक्षा १९६४ मध्येच झाली. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेलं नागरी हक्क विधेयक मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांच्या न्यायविषयक समितीत गेलं असतं, तर तिथेच गाडलं गेलं असतं. मॅन्सफिल्डनी ते समितीकडे न पाठवता थेट सभागृहाच्या कार्यसूचीवर घेतलं. ते अडवण्यासाठी दक्षिणेकडच्या सदस्यांनी भाषणांचा बांध घातला. कामकाजाचे साठ दिवस त्यात गेले. रात्रंदिवस बैठका लावून त्यांना दमवा, असा आग्रह होता; मॅन्सफिल्डनी नकार दिला. जॉन्सननी १९६० मध्ये हा उपाय केला होता, तेव्हा दमले ते विधेयकाचे समर्थकच. विरोधक पाळीपाळीने बोलून घरी झोपायला जात आणि गणपूर्तीसाठी समर्थकांना सभागृहाबाहेर खाटांवर झोपावं लागे.

दुसरीकडे मॅन्सफिल्डनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना पुढे केलं. वाटाघाटी डर्कसन यांच्या कार्यालयात, प्रसिद्धीही डर्कसन यांना. १० जूनला चर्चा थांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चीतून आले आणि डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी होकार कळवला. ॲरिझोनाच्या वयोवृद्ध कार्ल हेडन यांनी आयुष्यात अशा ठरावाला कधी मत दिलं नव्हतं. गरज पडली तरच देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं. आवश्यक ६७ मतं पुरी झाल्यावर मॅन्सफिल्डनी त्यांना त्या वचनातून मोकळं केलं आणि हेडन यांनी विरोधात मत दिलं. ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. त्या ७१ पैकी २७ रिपब्लिकन होते. नागरी हक्कांच्या विधेयकावर असा ठराव पूर्वी कधीच जिंकला गेला नव्हता.

या पद्धतीची किंमतही सांगायला हवी. पूर्वी एका विधेयकाची अडवणूक झाली की सारं सभागृह ठप्प होई, त्यामुळे अडवणाऱ्यालाही झळ बसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मॅन्सफिल्डनी अडलेलं विधेयक बाजूला ठेवून दुसरं काम चालू ठेवण्याची सोय केली. १९७५ मध्ये चर्चा थांबवण्यासाठी लागणारी संख्या ६० वर आली खरी, पण अडवणूक स्वस्त झाली ती झालीच. आज तासन्‌तास बोलावंही लागत नाही, नुसता इरादा कळवला तरी विधेयक अडतं. सदस्य सभ्यपणे वागतील हे मॅन्सफिल्डनी गृहीत धरलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचा गैरफायदा घेतला.

तरीही कौल मी मॅन्सफिल्डनाच देईन. टीका करणाऱ्या डॉड यांच्यावर १९६७ मध्ये निवडणूक निधीच्या गैरवापराबद्दल सिनेटनेच ९२ विरुद्ध ५ मतांनी निषेधाचा ठराव केला. पण माझा कौल त्यावर उभा नाही. केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सननी १९६४ मध्ये लावलेला जोरही मोठा होता, हे नाकारण्याचं कारण नाही. मात्र नेता म्हणून जॉन्सननी सिनेटमधून काढलेले १९५७ आणि १९६० चे नागरी हक्क कायदे दुबळे निघाले. मॅन्सफिल्ड यांच्या सिनेटने मंजूर केलेल्या कायद्याने उपाहारगृहांची, हॉटेलांची आणि नोकऱ्यांची दारं सर्वांसाठी उघडली. नेत्याचं मोल त्याच्या दराऱ्यावरून करायचं की हातून झालेल्या कामावरून, हे प्रत्येक लोकशाहीला ठरवावं लागतं. आपणही ते कामावरूनच करावं.