एका बादलीचा हिशोब: शेण जाळायचं की त्याचा गॅस करायचा?



भात झोडून झालं, थंडी पडायला लागली. मुरबाड-शहापूरकडे पहाटे बंब पेटतात, कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत अंगणातली चूल. आपल्याकडे घर तापवावं लागत नाही, पण आंघोळीचं पाणी तापवावंच लागतं. सिलिंडर वाचवायला दुसरं काय वापरावं? सगळी इंधनं एकाच मापाने मोजू: 20 लिटरची एक बादली, 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत.

*एका बादलीला अंदाजे किती लागतं?*
▪️ सिलिंडरचा गॅस: 75 ते 80 ग्रॅम
▪️ गोबरगॅस: 200 लिटर
▪️ सुकं लाकूड, साध्या चुलीवर: पाऊण ते एक किलो
▪️ गोवऱ्या, साध्या चुलीवर: दीड किलो

आता बघा. दीड किलो गोवऱ्या म्हणजे साधारण 7 किलो ओलं शेण. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर 280 लिटरच्या आसपास गॅस मिळतो. एक बादली तापते आणि वर चहापुरता गॅस उरतो. गोवरी जळाली की त्यातलं नत्र धुरात जातं, हाती फक्त राख. टाकीतून मात्र स्लरी बाहेर येते आणि नत्र तुमच्या वावरात परत जातं. घरातल्या बाईच्या डोळ्यांत धूर जात नाही, ते वेगळंच.

*गोबरगॅस कोणी करावा?*
2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात बांधलेली 4-5 जनावरं. दिवसभर चरायला जाणाऱ्या गुरांचं निम्मं शेण रानातच पडतं, ते धरू नका. शेण आणि पाणी समान घ्या. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा उन्हात तापलेलं पाणी वापरा. अनुदान चालू आहे का, ते बांधकामाआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा.

*जनावरं नाहीत?*
पुण्याच्या 'आरती' संस्थेने शिळं अन्न आणि खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्याला 2006 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला टाकीत शेणाचं विरजण लागतंच. एकदम जास्त खरकटं टाकलं तर टाकी आंबट होऊन गॅस थांबतो, म्हणून हळूहळू वाढवा.

*तूस आणि पेंढा*
एक क्विंटल भात भरडलं की सुमारे 20 किलो तूस निघतं. साध्या चुलीत ते नुसतं धुमसतं. भुसा शेगडीत दाबून भरा, म्हणजे सावकाश जळतं. उरलेली काळी राख फेकू नका. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातपद्धतीत ती रोपवाटिकेत मिसळतात, रोपांना सिलिका मिळते. पेंढा मात्र जाळू नका. गुरांना घाला, तबेल्याला विका, नाहीतर वावरात कुजवा.

*हे अजिबात नको* ❌
▪️ प्लास्टिक, रबर, रंगवलेलं प्लायवूड, कारखान्याच्या भंगारातलं केमिकल लागलेलं लाकूड. याचा धूर विषारी असतो आणि राखही शेतात टाकता येत नाही.
▪️ कोळशाची किंवा भुशाची शेगडी बंद खोलीत, बंद न्हाणीत. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

*या आठवड्याचं काम*
सात दिवस रोज सकाळी गोठ्यातलं शेण घमेल्याने मोजा. एक भरलेलं घमेलं एकदा काट्यावर तोलून घ्या. सरासरी किलोमध्ये काढून या मेसेजला रिप्लाय करा. 50 किलोच्या पुढे असेल तर संयंत्राचं बघू. कमी असेल तर दोन घरांनी मिळून जमतं का, तेही बघू.

तुमचा कृषी सल्लागार