पाय पाळण्यात दिसतात?

गेल्या वर्षीची गोष्ट. तान्हा पोळा नुकताच होऊन गेला होता. गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल अजून ओसरीतच उभे होते, आणि आमच्या ओळखीचे एक एस.टी. कंडक्टर सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले. हातात एक वही होती. चहा पुढे केला तरी त्यांचे लक्ष वहीतच होते.

"सर, तुमी तीस वर्सं पोरं पायली. आता खरं सांगा, माया पोराच्यात दम हाय का नाई?"

वही उघडली. नागपूरच्या एका क्लबाकडून त्यांचा मुलगा हंगामापूर्वीचे सराव सामने खेळत होता. तीन सामने झाले होते. बापाने तारखेसह धावा लिहून ठेवल्या होत्या : ४, ०, ११. खाली रेघ मारून बेरीज केली होती, १५. त्याखाली सरासरी, ५.

मी शाळेत पीटीचा सर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी वर्ध्यात कुणाचे पोरगे धावायला किंवा खेळायला लागले, की आईबाप अजून माझ्याकडे येतात. एरवी मी दोन गोड शब्द बोलून त्यांना वाटेला लावतो. पण या वेळी प्रश्न साधा नव्हता. मुलगा अकरावीत होता. आठवड्यातून चार दिवस वर्धा-नागपूर ये-जा, भाडे, बॅट, बूट, क्लबाची फी. घरात धाकटी मुलगी नववीत, तिची शिकवणी लावायची होती. दोन्ही खर्च पेलणार नव्हते. त्या वहीतल्या तीन आकड्यांवर एका घराचा निर्णय अडकला होता.

"मला आठ दिवस द्या," मी म्हणालो.

आपल्याकडे म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. म्हण गोड आहे. पण ती वापरणारा माणूस बहुधा मुलगा मोठा झाल्यावर वापरतो. नाव काढले, की "आम्ही तेव्हाच ओळखले होते" म्हणायला सगळे तयार. ज्यांचे पाय पाळण्यात दिसले आणि पुढे वाट चुकले, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

त्यात सराव सामना म्हणजे नुसता पाळणाही नव्हे, पाळण्याची दोरी बांधून पाहणे आहे. खेळपट्टी पावसाने ओली असते. सलामीच्या पोराला सातव्या क्रमांकावर पाठवतात, कारण प्रशिक्षकाला दुसऱ्याच कुणाला तरी पाहायचे असते. समोरचा गोलंदाज कधी रणजीच्या उंबरठ्यावरचा असतो, कधी काल मैदानावर आलेला. अशा तीन डावांची सरासरी काढणे म्हणजे तीन थेंब पाहून यंदाचा पावसाळा सांगणे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा न्यू जर्सीहून फोन आला. तो तिकडच्या फुटबॉलच्या नादी लागला आहे. तो फुटबॉल आपला नव्हे. त्यात चेंडू पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. डाव मांडून चेंडू फेकणारा जो मुख्य गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. ऑगस्टात प्रत्येक संघ काही सराव सामने खेळतो. त्यांचे गुण कुठेच धरत नाहीत. जुने खेळाडू थोडा वेळ खेळून बाकावर बसतात, संघ आपले खरे डावपेच झाकून ठेवतात, आणि तरी नव्या क्वार्टरबॅकने दहा चेंडू कसे फेकले यावर सारा देश वाद घालत बसतो. भाचा म्हणाला, "मामा, इथेही तुमच्या कंडक्टरकाकांसारखे लाखो आहेत."

त्याने सांगितलेली १९९८ सालची हकिगत मला फार आवडली. त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचा लागला, दुसरा रायन लीफचा. दोघांत थोर कोण, यावर महिनोन् महिने चर्चा झाली होती. मॅनिंगने सराव सामन्यातला पहिलाच चेंडू फेकला आणि थेट टचडाऊन! पाय पाळण्यात दिसले. मग खरा हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात त्याचे तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी मधल्यामध्ये पकडले. हंगामभरात असे २८ चेंडू गेले आणि संघ १६ पैकी फक्त ३ सामने जिंकला. तिकडे लीफच्या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले. म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कुणी वहीत बेरीज केली असती, तर लीफ पास आणि मॅनिंग नापास. तिसऱ्या सामन्यात लीफच्या १५ फेकींपैकी एकच नेमकी पोचली. त्यानंतर तो सावरलाच नाही. थोड्या वर्षांत त्याचा खेळ संपला. मॅनिंगने पुढे दोनदा सुपर बोल जिंकला, २००७ आणि २०१६ मध्ये.

इतक्या लांब कशाला जायचे? आपल्याच घरातले दाखले घ्या. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सचिन तेंडुलकरची पहिली कसोटी सुरू झाली. पहिल्या डावात १५ धावा. एक दिवसाच्या पहिल्या दोन सामन्यांत शून्य आणि शून्य. एक दिवसाच्या सामन्यातले पहिले शतक यायला सप्टेंबर १९९४ उजाडला. तो त्याचा ७९ वा सामना होता. त्याचाच बालमित्र विनोद कांबळी. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत मुंबईत २२४ आणि दिल्लीत २२७. पाळण्यात नुसते पाय नव्हे, पैंजणही दिसत होते. पण १७ कसोटींनंतर, ५४ ची सरासरी असताना, १९९५ मध्ये त्याची कसोटी कारकीर्द संपली. सुनील गावसकरांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ४ कसोटींत ७७४ धावा केल्या. त्यानंतरच्या कसोटी शतकासाठी मात्र त्यांना आणि आपल्यालाही १९७४ च्या मँचेस्टरपर्यंत थांबावे लागले. अजिंक्य रहाणेच्या पहिल्या कसोटीतल्या धावा ७ आणि १. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत दरबानला त्याने ९६ केल्या.

याचा अर्थ सुरुवातीला पडणारा पुढे चढतोच, असा मुळीच नाही. तसे सांगणे म्हणजे आईबापांची फसवणूक आहे. पडलेले बहुतेक जण पडलेलेच राहतात. अर्थ एवढाच, की सुरुवातीच्या आकड्याला तोंड असते पण जीभ नसते. तो बोलल्यासारखा वाटतो, सांगत काहीच नाही.

आमच्या वर्ध्यातच जन्मलेल्या दर्शन नळकांडेचे पाहा. २०१९ च्या आयपीएलसाठी त्याला पंजाबच्या संघाने घेतले आणि पुढचे तीन हंगाम तो एकही सामना न खेळता बाकावर राहिला. इथे चहाच्या टपरीवर निकाल लागून गेला होता, "नाई खेळवत म्हंजे काई खरं नाई." नोव्हेंबर २०२१ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याने कर्नाटकाविरुद्ध शेवटच्या षटकात चार चेंडूंत चार बळी घेतले. सामना विदर्भ हरला, पण टपरीचा निकाल बदलला. आणि उमेश यादव? वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या कामगाराचा मुलगा. विशीला आला तरी चामडी चेंडूने नीट खेळला नव्हता. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीवीर. त्याचे पाय पाळण्यात दिसायला मुळात पाळणाच उशिरा मिळाला.

हे सारे मला आज सुचते आहे. तेव्हा सुचायला हवे होते. आता सांगतो ती गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मुलांच्या एका निवड चाचणीला परीक्षक म्हणून बसलो होतो. साठ-सत्तर पोरे, वेळ एका सकाळचा. आर्वीकडच्या एका खेड्यातून पहिल्या गाडीने निघालेला एक मुलगा तिष्ठत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा ऊन डोक्यावर होते. पायात मागून आणलेले, एक नंबर मोठे बूट. तीन षटके टाकली. वेग होता, पण तीन चेंडू लेगच्या बाहेर पार यष्टिरक्षकाच्या आवाक्यापलीकडे गेले. मी कागदावर दोन शब्द लिहिले, "नियंत्रण नाही", आणि पुढचे नाव पुकारले. पुन्हा तो कधी चाचणीला आला नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाडीवरून एक माणूस उतरला आणि पाया पडला. तोच. मुलेबाळे झाली होती, शेती बरी चालली होती. राग नव्हता. हसत हसत म्हणाला, "सर, तिसऱ्या ओव्हरीत मी बूट काढून टाकले होते. मंग सहाच्या सहा बॉल स्टंपात पडले. पण तुमी तवा चहा घेत होते."

मी काय बोलणार? तो मोठा गोलंदाज झाला असता असे मी म्हणत नाही. कदाचित नसताही झाला. पण त्याने स्वतःची चूक स्वतः ओळखून त्याच षटकात दुरुस्त केली होती. पाहण्यासारखे त्या सकाळी तेवढेच होते, आणि नेमके तेवढेच मी पाहिले नाही. आकडा लिहून मोकळा झालो होतो.

माझे वडील शेतकरी होते. गवळाऊ बैलांचे त्यांना वेड. नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपायचा, तर ते त्याला एका जुन्या, शांत बैलाच्या जोडीला देत. संध्याकाळी शेजारी विचारत, "किती वखरलं जी?" वडील म्हणत, "किती ते इचारू नोको. धुऱ्यावर कसा वळला ते इचार." ठेचाळला तर बसून राहतो का उठतो, दुसऱ्या खेपेला त्याच दगडावर पाय देतो का दगड चुकवतो, एवढेच ते पाहत. महिनाभर पाहत. आणि त्या महिन्यात त्याच्या पाठीवर तुतारी उगारू देत नसत. म्हणत, पहिल्या दिवशी मार खाल्लेला गोऱ्हा जन्मभर काम करतो, पण भिऊन करतो.

हे आठवले आणि मी नागपूरची गाडी धरली. चौथा सराव सामना पाहायचा ठरवले. प्रशिक्षकांना भेटलो तेव्हा कळले, की मुलगा सलामीचा. पण तिन्ही सामन्यांत सहाव्या-सातव्या क्रमांकावर गेला होता. आणि तिन्ही वेळा एकाच तऱ्हेने बाद झाला होता, ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून, मागे झेल. हे वहीत कुठेच नव्हते. ४, ० आणि ११ हे तीन वेगळे आकडे होते, पण चूक एकच होती.

त्या दिवशी तो सलामीला गेला. मी झाडाखाली बसून धावा मोजल्या नाहीत. सोडलेले चेंडू मोजले. पहिल्या अर्ध्या तासात बाहेरचे अकरा चेंडू त्याने हात वर करून सोडले. एकदा बॅट पुढे गेली, चेंडू हुकला. त्याने मान हलवली आणि पुढचा चेंडू पुन्हा सोडला. जोडीदाराच्या धावांसाठी तो स्वतःच्या धावांइतक्याच जोराने पळत होता. शेवटी आत आलेल्या चेंडूवर पायचीत झाला. धावा १७.

परत आल्यावर कंडक्टर भाऊंना बोलावले. वही मागितली आणि धावांच्या शेजारी एक नवा रकाना आखला, "कसा बाद झाला". चार ओळी भरल्या. मग म्हणालो, "भाऊ, पोरगं मोठं होईल का, हे मी सांगू शकत नाही. चार सामन्यांवरून जो सांगेल तो खोटं सांगेल. पण जुनी चूक त्यानं सोडली आणि नवी चूक केली. शिकणारा माणूस असाच पुढे जातो. संक्रांतीपर्यंत त्याला जाऊ द्या. तोवर घरी आल्यावर 'किती काढले' हे विचारू नका. आणि मुलीची शिकवणी थांबवू नका. शाळेतले एक ओळखीचे सर आहेत, ते संध्याकाळी घरीच शिकवतील, मी बोलतो. संक्रांतीला आपण दोघं ही वही पुन्हा उघडू."

ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किती काढले नाई इचारू, तं मंग काय इचारू जी?"

मी म्हटले, "जेवला का, ते विचारा."

पुढच्या रविवारी रात्री त्यांचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच घाई नव्हती. "सर, आज बी लय नाई झाले. पण मागं कॅच नाई देल्ला. रनआउट झाला." थोडे थांबून म्हणाले, "नवीनच चूक हाय. लिवून ठेवली."