भीतीपेक्षा हिशेब बरा

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातली एखादी स्त्री हाडांच्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात जाते. शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य टोचले जाते, कॅमेरा चित्र टिपतो आणि ती गावी परतते. दोन-तीन आठवड्यांनी कळते की, तपासणीच्या वेळीच तिला दिवस गेलेले होते. गर्भ ठेवावा की नाही, या प्रश्नाचा निर्णय अशा वेळी बहुधा ऐकीव भीतीवर होतो. वस्तुतः तो एका आकड्यावर व्हावयास हवा.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ ची आहे. गर्भाला पोहोचलेली मात्रा प्रत्यक्ष मोजता येत नाही; परंतु तिचा अंदाज बांधता येतो. कोणते द्रव्य, किती मेगाबेकरेल आणि गर्भाच्या कोणत्या महिन्यात दिले, एवढे ठाऊक असले की तयार कोष्टकांतील गुणकाने गुणावयाचे. उत्तर मिलिग्रेमध्ये येते. काही किरण मातेच्या अवयवांतून, विशेषतः गर्भाशयालगतच्या मूत्राशयातून येतात. काही द्रव्ये वारेतून थेट गर्भात उतरतात. तपासणीनंतर भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जाण्याचा सल्ला देतात, तो याच कारणाने.

हाडांच्या तपासणीत सुमारे ७५० मेगाबेकरेल टेक्नेशियम दिले, तर प्रारंभीच्या काळात गर्भाला साधारण साडेचार मिलिग्रे मात्रा पोहोचते. फुप्फुसातील रक्ताची गुठळी शोधणाऱ्या रक्तप्रवाहाच्या तपासणीत ती एक मिलिग्रेहूनही कमी असते. ही गुठळी न सापडल्यास मातेचाच जीव धोक्यात येतो, हे येथे ध्यानात घ्यावे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट केले की, १०० मिलिग्रेखालील मात्रा हे गर्भपाताचे कारण ठरू शकत नाही. बालपणी कर्करोग न होण्याची शक्यता एरवी ९९.७ टक्के असते. १० मिलिग्रे मात्रेनंतर ती ९९.६ टक्के होते. धोका शून्य नाही, पण तो केवढा आहे हे या आकड्यांवरून दिसते.

याचा अर्थ सर्व द्रव्ये सारखीच निरुपद्रवी आहेत असा मात्र नव्हे. थायरॉईडच्या उपचारात वापरले जाणारे आयोडीन-१३१ वारेतून पलीकडे जाते. दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची थायरॉईड ग्रंथी ते शोषू लागते आणि उपचाराच्या मात्रेने ती कायमची निकामी होऊ शकते. म्हणूनच गर्भारपणी हा उपचार वर्ज्य आहे. सरसकट भीती जितकी चुकीची, तितकाच सरसकट दिलासाही घातक.

भीतीची किंमत काय पडते, याचा दाखला युरोपात मिळतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर दूरच्या ग्रीसमध्ये गर्भाला पोहोचणारी मात्रा एक मिलिग्रेहून कमी होती. तरीही हव्या असलेल्या सुमारे अडीच हजार गर्भांचा पात करण्यात आला, असा संशोधकांचा अंदाज आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, माहितीचा अभाव हाही एक खर्च असतो. आणि ज्याच्याजवळ विचारण्याचे साधन सर्वांत कमी, त्याच्यावरच तो सर्वाधिक पडतो. १९७१ च्या कायद्याने स्त्रीला सुरक्षित गर्भपाताचा मार्ग दिला. त्या मार्गाने जाणारीचा निर्णय चुकीच्या समजुतीवर आधारलेला नसावा, ही अपेक्षा रास्तच होय.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. तपासणीपूर्वी शेवटच्या पाळीची तारीख मराठीतून, एकांतात विचारावी. शंका असल्यास गर्भचाचणी करावी. द्रव्याचे नाव, मात्रा आणि दिनांक रुग्णाच्या कागदावर ठळक लिहून द्यावा. तपासणी एका शहरात आणि बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, अशी आपल्या ग्रामीण भागाची रीत असल्याने ही नोंद स्त्रीच्याच हाती हवी. तिच्या आधारे गावाकडील डॉक्टरही किरणोत्सर्ग-भौतिकीच्या तज्ज्ञाकडून अंदाज मागवू शकेल.

मग निर्णय त्या स्त्रीने घ्यावा. त्या आधी तिच्या गर्भाला किती मिलिग्रे मात्रा पोहोचली आणि त्याचा अर्थ काय, हे तिला समजावून सांगणे, एवढे ऋण तरी वैद्यकव्यवस्थेने फेडलेच पाहिजे.