विश्लेषण : रानटर्कीचा फोटो काढताना दाणे का टाकू नयेत?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून रानटर्की १८५१च्या सुमारास नामशेष झाली. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून तिथे सोडले. आज त्यांची संख्या ३० हजारांहून अधिक आहे. बोस्टनजवळच्या उद्यानांत टर्की दिसली, की लगेच मोबाइल बाहेर निघतात.

लांबून हा पक्षी काळाच वाटतो. तिरपे ऊन पडले, की पिसांवर तांबूस, हिरवी, सोनेरी झळाळी उठते. फोटोत मात्र ती हरवते, कारण गडद पिसे पाहून कॅमेरा उजेड वाढवतो. स्क्रीनवर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. वसंतात नर शेपटीचा पंखा फुलवतो, अगदी मोरासारखा. दोघे एकाच कुळातले!

घोळ होतो तो दाण्यांमुळे. माणसाला सरावलेली टर्की त्याला थव्यातलाच एक समजते आणि विणीच्या हंगामात नर अंगावर धावून येतो. गाडीच्या चकचकीत दारातल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही तो टोचा मारतो. असा नर आवरेनासा झाला, तर त्याला ठार करण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून झूम वापरावा. चरणारा पक्षी मान ताणून बघू लागला, तर पुढे जाऊ नये.