छोट्या छातीचा हिशेब वेगळा

दीड वर्षाच्या मुलाची श्वासनलिका जाडीला साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. शेंगदाण्याची एक पाकळी तीत सहज अडकते. या वयात पुढचे दात आलेले असतात, दाढा पुरत्या आलेल्या नसतात; त्यामुळे दाण्याचा तुकडा पडतो, भुगा होत नाही. तो तुकडा तोंडात असताना मूल खदखदून हसलं, रडलं किंवा पळत सुटलं, की आत ओढलेल्या श्वासाबरोबर तो घशातून भलत्याच वाटेला लागतो. तिथे ओलावा शोषून फुगतो आणि त्यातल्या तेलाने आतलं नाजूक अस्तर सुजतं. नळीचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळा पट वाढतो. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने ज्या वस्तू काढाव्या लागतात, त्यांत आपल्याकडे शेंगदाण्याचा मान मोठा आहे. फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी आणि आख्खं द्राक्ष ही त्याचीच भावंडं.

अहिल्यानगर जिल्ह्यात सकाळी आई खुरपणीला, कांद्याच्या लागणीला नाहीतर ऊसतोडीला गेलेली असते, तेव्हा लहान मुलं अंगणवाडीत दोन बायांच्या हवाली असतात: सेविका आणि मदतनीस. मेंदूचा प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन, आणि तिचा उपयोग मोठा आहे. पण अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या पाड्यावर किंवा पाथर्डीच्या एखाद्या वस्तीवर गाडी चार मिनिटांत पोचेल, असं तिचा चालकही म्हणणार नाही. तोवर जे काही व्हायचं, ते त्या दोघींच्या हातून व्हायचं.

मग त्यांना सीपीआर शिकवा, असं आपण चटकन म्हणतो. पण कोणता सीपीआर?

गेल्या काही वर्षांत सर्वसामान्यांसाठी जो प्रचार झाला, तो मुख्यतः छाती दाबण्याचा. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य माणसासाठी जी पद्धत सुचवली, तीत तोंडाने श्वास देणं नाहीच. नुसती छाती दाबायची. मोठ्या माणसासाठी हे बरोबर आहे, आणि त्यामागचं कारण समजलं की मुलांसाठी ते अपुरं का पडतं तेही कळतं. पन्नाशीच्या माणसाचं हृदय बहुधा अचानक बिघडतं. कालव्याला पाणी भरपूर असावं आणि पंप जळावा, तशी ती अवस्था: रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो, फक्त तो फिरवणारं कोणी नसतं. छाती दाबली की तो फिरतो. मुलाचं हृदय सहसा धडधाकट असतं. आधी श्वास कोंडतो, घास अडकून किंवा पाण्यात बुडून. रक्तातला प्राणवायू संपत जातो, ठोके मंदावतात आणि सगळ्यात शेवटी हृदय थांबतं. त्या वेळी फिरवायला रक्त असतं, पण त्यात द्यायला काही उरलेलं नसतं. त्यात लहान मूल वजनाच्या मानाने प्राणवायू मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट वापरतं, आणि फुप्फुसातली शिल्लक मात्र तुटपुंजी.

जपानने याचा पडताळा घेतला आहे. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या ५,१७० मुलांच्या नोंदी तपासून २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. मूळ कारण हृदयाचं नसलेल्या, १ ते १७ वयाच्या मुलांमध्ये छाती दाबण्याबरोबर श्वासही दिला गेला, तेव्हा मेंदू शाबूत राहून वाचलेल्यांचं प्रमाण ७.२ टक्के होतं. नुसती छाती दाबली तेव्हा १.६ टक्के. दोन्ही आकडे लहान आहेत, हे खरं. हृदय थांबल्यावर हातात फारसं उरत नाही, म्हणून थांबण्याआधीची मिनिटं महाग.

तेव्हा अंगणवाडीच्या प्रशिक्षणाची सुरुवात छातीपासून नव्हे, घशापासून व्हावी. ठसका लागलेलं मूल मोठ्याने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यायचं. पाठीवर घाईघाईने थापट्या नकोत, पाणी नको. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले, की मात्र क्षण दवडायचा नाही. वर्षाच्या आतलं बाळ हाताच्या कोपरापुढच्या भागावर पालथं घ्यायचं, जबडा आपल्या पंजात धरून डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यायचे. नाहीच निघालं तर उताणं करून छातीच्या हाडावर पाच दाब. मग पुन्हा पाठ. बाळाचं पोट दाबायचं नाही. त्या वयात यकृत बरगड्यांच्या खाली उतरलेलं असतं, त्याला इजा होते. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच ठोके, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वर. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपायची नाही. आपल्याकडे घरातलं मोठं माणूस नेमकं हेच आधी करतं, आणि अर्धवट अडकलेली वस्तू पुरती आत ढकलतं.

मूल बेशुद्ध झालं आणि श्वास थांबला, किंवा अधूनमधून नुसता आचका येतो आहे (तो श्वास नव्हे), की सीपीआर. कोणीतरी १०८ लावायचा. एकटीच असेल तर फोन स्पीकरवर टाकून हात मोकळे ठेवायचे. बाळाच्या डोक्याचा मागचा भाग मोठा असल्यामुळे उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि वाट बंद होते. खांद्याखाली ओढणीची घडी सरकवली की नाक सरळ आढ्याकडे होतं. मोठ्या माणसाची मान ताणतात तशी बाळाची ताणली, तर वाट उलट चिमटते. छाती तिच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश दाबायची: बाळाची सुमारे ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलाची सुमारे ५. वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय तेव्हाच भरतं. तीस दाब, दोन श्वास. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाखाली येतात. गालात मावेल एवढीच हवा, छाती उचललेली दिसली की बस. बरगडी मोडेल ही भीती सगळ्यांनाच असते. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात, सहसा मोडत नाहीत.

एक बदल आवर्जून सांगायला हवा. वर्षाच्या आतल्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, तक्त्यांवरही तसंच चित्र असतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या मार्गदर्शनात ती पद्धत काढून टाकली, कारण बोटांनी पुरेसा खोल दाब पडत नाही. आता एका तळहाताची टाच, किंवा बाळाची छाती दोन्ही पंजांत वेढून दोन्ही अंगठे.

हे सगळं जिवंत मुलावर शिकता येत नाही, बाहुली लागते. तिचा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला आहे. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा ओस्मुंड लेर्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी बनवायचा. त्याचा छोटा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला, तो बापानेच ओढून काढला म्हणून. पुढे डॉक्टरांनी श्वास देण्याचा सराव करायला पुतळा मागितला, तेव्हा त्याला तो किती गरजेचा आहे हे वेगळं पटवावं लागलं नसेल. १९६० साली त्याची बाहुली आली. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तिघांनी, ज्यांत दोघे चक्क विद्युत अभियंते होते, बंद छातीवरून हृदय दाबण्याचा शोधनिबंध छापला.

त्याच जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० साली याच जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचं कौतुक आपण करतो. पण त्यांची शिकवायची रीत मात्र बाजूला राहिली. या बाया दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. गावात काय घडलं ते सांगायच्या, जुनं पुन्हा करून पाहायच्या, थोडं नवं शिकायच्या.

हाताने शिकलेली ही कला तीन ते सहा महिन्यांत ओसरायला लागते, हे जगभरच्या चाचण्यांत दिसलं आहे. डॉक्टर आणि परिचारिकांचंही तेच होतं. म्हणजे तालुक्याच्या सभागृहात एक दिवस, पाहुण्यांचं भाषण, पाचशे बायांमागे एक मोठ्या माणसाचा पुतळा, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो, याचा उपयोग फोटोपुरताच. त्यापेक्षा अंगणवाड्यांच्या बीटच्या मासिक बैठकीत पोषण ट्रॅकर ॲपच्या नोंदी तपासून झाल्यावर पंधरा मिनिटं, दोन बाहुल्या, एक बाळाची आणि एक चार वर्षांच्या मुलाएवढी, हे जामखेडच्या रीतीला धरून होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतंच. तपासणीच्या पेटीत बाहुली घेऊन आलं तर वेगळा दौरा लागणार नाही.

पाण्याचं प्रकरण या जिल्ह्यात स्वतंत्र आहे. दुष्काळी पट्ट्यात शेततळी झाली, त्यांनी फळबागा वाचवल्या. पण प्लास्टिक अंथरलेल्या त्या निसरड्या उतारावरून पडलेलं मूल वर येऊ शकत नाही. बुडून मरणाऱ्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि बांगलादेशात असा अनुभव आहे की आई कामात असताना मुलांना सांभाळणारी पाळणाघरं काढली, की हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटतात. म्हणजे अंगणवाडी वेळेवर उघडणं हाच पहिला उपचार. तरी कधी मूल बाहेर काढलंच, तर पाय धरून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, मिठात पुरणं हे सगळं वेळ घालवणं आहे. पोट दाबलं तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. श्वास द्यायचा, छाती दाबायची. आणि मूल रडायला लागलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसाची सूज काही तासांनीही वाढू शकते.

आता प्रश्न कोणाला शिकवायचं याचा. प्रशिक्षणाच्या यादीत सहसा सेविकेचं नाव असतं. मासिक बैठकीला, तालुक्याला, पल्स पोलिओच्या कामाला तीच जाते. त्या दिवशी खिचडी शिजवून, वाढून मुलांपाशी बसलेली असते ती मदतनीस.